पहिल्या नावावर हरकत

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ठाण्यातल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीच्या सकाळच्या उपासनेत एका पंचांच्या पत्नीने उभे राहून आपल्या नवऱ्याच्या नावावर हरकत घेतली. उपासना संपल्यावर मंडळीतले काही पुरुष वेदीसमोर उभे राहून आपापल्या घराचे प्रमुखपद स्वीकारण्याची प्रतिज्ञा करणार होते. तो कार्यक्रम झाला नाही.

मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय. पंच म्हणजे त्या समुदायाने निवडून दिलेला कारभारी. हे पंच माझे घरमालक होते.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे नगर जिल्ह्यातले. खोपटच्या एसटी आगारामागे एका आगरी कुटुंबाकडून घेतलेल्या तुकड्यावर त्यांनी घर बांधले होते, खाली तीन खोल्या आणि वर एक. वरची खोली मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भाड्याने घेतली. तेव्हा मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. खोली दाखवताना त्यांनी भाड्याविषयी अवाक्षर काढले नाही. म्हणाले, "जिना लोखंडी आहे. वाजतो. तुम्ही उशिरा येणार. वहाणा हातात घेऊन चढणार असाल तर राहा."

गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. सगळे 'मापवाले साहेब' म्हणत. मीही साहेब म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीला काकू.

निवृत्तीनंतरही त्यांचे खाते सुटले नव्हते. भाजीवाल्यासमोर उभे राहिले की पहिले वाक्य ठरलेले असे: "रिकामा दाखव." म्हणजे पारड्यांत काही नसताना तराजू उचलून दाखव. काटा मधोमध उभा राहिला तरच पुढची बोलणी. नाही राहिला तर ते खाली वाकून पारड्याच्या बुडाला बोट लावत. तिथे चिंच चिकटवलेली असे, कधी मेण. ते ओरडत नसत. चिंच काढून भाजीवाल्याच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "ही आमटीत घाल." रेशन दुकानदार ते रस्त्याने दिसले तरी उठून उभा राही. सवयीने, असे तो सांगे.

एकाच ठिकाणी त्यांचे काही चालत नसे. मासळी बाजारात काकू पुढे आणि साहेब पिशवी धरून मागे. कोळीण वाटे मांडून बसलेली. एकदा न राहवून त्यांनी विचारले, "वजनावर का देत नाहीस, बाई?"

"सायबा, तुजा काटा ठेव घरा," ती म्हणाली. "म्हावरं नजरेनं घ्यावं लागतं. बायको बग कशी बगते, तशी बग."

काकू हसल्या. साहेबांनी पिशवी पुढे धरली. घरी आल्यावर मला म्हणाले, "तिचं बरोबर आहे. वाट्याला खात्याचा शिक्का लागत नाही. तिथे विकणारी आणि घेणारी दोघी एकमेकींकडे बघत असतात."

माझ्या दैनिकाचे ते रोजचे वाचक होते आणि रोजचे तपासनीसही. सकाळी जिन्याखाली उभे राहून विचारत, "प्रचंड जनसमुदाय म्हणजे किती हो?" मी म्हणे, बातमीदाराने लिहिलेय. "त्याने मोजले?" नाही. "मग 'लोक आले होते' एवढं पुरे." त्यांचे बोलणेही तसेच होते. 'फार', 'अतिशय', 'खूपच' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. काकूंनी केलेली आमटी त्यांना आवडली की ते म्हणत, "झाली आहे." नाही आवडली तर तेही म्हणत नसत. एवढ्यावरून काकूंना कळे.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव वाटण्याच्या, रविवारी पाव कापण्याचे काम पंचांकडे असते. साहेब कापत तेव्हा सगळे तुकडे एका मापाचे निघत. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एकदा वैतागून म्हणाले, "अहो, स्वर्गात वजनमापे खातं नाही."

"म्हणून इथे पाहिजे," साहेब म्हणाले.

त्यांच्या प्रार्थना हा मंडळीत थट्टेचा विषय होता. घरोघरी होणाऱ्या प्रार्थना-सभांत एकेक जण दहा-दहा मिनिटे बोले. साहेबांची पाळी आली की ते डोळे मिटत, थोडा वेळ थांबत आणि म्हणत, "प्रभू, तुला माहीत आहे. आमेन." तरुण मुले त्यांना 'तार मास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होते. त्यांची तक्रार नव्हती.

उपासनेत जाहीर निवेदने वाचण्याचे काम मात्र त्यांचे कित्येक वर्षांचे. त्यातच लग्नाची पुकार येई. मंडळीत कोणाचे लग्न ठरले की ते लागोपाठ तीन रविवार जाहीर करतात. अमुक यांचा अमुक यांच्याशी विवाह योजला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे. हरकत आली तर ती ऐकल्याशिवाय लग्न लागत नाही. मात्र हरकत येत नाही. वाचणारे भरभर वाचून पुढे जातात. साहेब 'कोणाची हरकत असल्यास' म्हटल्यावर थांबत. चष्म्यावरून पुरुषांच्या बाजूला बघत, मग बायकांच्या बाजूला, आणि मगच पुढे जात. नवरीकडच्यांचा जीव दर वेळी वरखाली होई. आपल्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाची पुकारही त्यांनीच वाचली होती, तशीच थांबून.

ती मुलगी कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवी. राहायला डोंबिवलीत. जावई तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. उंच, मोठ्याने हसणारा, कोणाच्याही सामानाला हात लावणारा माणूस. नव्वदच्या सुमाराला तो पिऊ लागला. मारहाण नव्हती, भांडणही नव्हते. पगाराच्या आठवड्यात तो घरी उशिरा येई आणि दुसऱ्या दिवशी कामावर जात नसे. मुलगी शनिवारी माहेरी आली की काकूंजवळ स्वयंपाकघरात बसे. दोघी हळू बोलत. साहेब बाहेर ओट्यावर पेपर धरून बसत. पान उलटत नसत.

मग पुरुषांची ती चळवळ आली. तिला एक इंग्रजी नाव होते. मंडळीत सगळे 'प्रतिज्ञावाले' म्हणत. कल्याणला एका मैदानात मांडव घालून तिची सभा झाली. फक्त पुरुषांसाठी. जावयाला कारखान्यातला एक सहकारी घेऊन गेला. तिथे पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, बायकामुलांकडे दुर्लक्ष केल्याची कबुली दिली आणि शेवटी उजवा हात वर करून प्रतिज्ञा केली की, यापुढे घराचे आत्मिक आणि व्यावहारिक प्रमुखपद आम्ही स्वतः सांभाळू. जावई त्या दिवशी नुसता बघत राहिला. त्याने हात वर केला नाही. पण दारू सोडली. ती सुटलेली राहिली. हे साहेबांनी स्वतः मला सांगितले आणि वर म्हणाले, "त्यांच्या बाजूला हे पारड्यात टाकायलाच हवं."

चळवळीचे या भागातले काम बघणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. शांत, हसतमुख. दर शुक्रवारी डोंबिवलीत कोणाच्या तरी घरी पुरुषांची प्रार्थना ठेवत आणि चप्पल-बूट ओळीत लावायला स्वतः वाकत. ठाण्याच्या मंडळीतही प्रतिज्ञेचा कार्यक्रम व्हावा म्हणून ते पाळकसाहेबांना भेटले. पाळकसाहेबांना ते हवेच होते. उपासनेत बायकांची बाजू भरे आणि पुरुषांच्या बाजूचे बाक रिकामे राहत.

जावई त्यांना घेऊन एकदा साहेबांकडे आला. मी सुट्टीवर होतो. मलाही खाली चहाला बोलावले.

"पप्पा, तुम्ही पंच आहात," जावई म्हणाला. "तुम्ही पुढे झालात तर बाकीचे येतील."

"शपथ घ्यायची आहे ना?" साहेबांनी विचारले.

"प्रतिज्ञा," ब्रदर म्हणाले.

"प्रभूने शपथ घेऊ नका म्हणून सांगितलंय. होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही. त्यावर चढवलेलं सगळं वाईटातून येतं. हे तुम्ही मला शिकवायचं, की मी तुम्हाला?"

ब्रदर हसले. "काका, पण पुरुष घराचं मस्तक आहे, हेही शास्त्रातच आहे."

"आहे. बायबलातल्या त्याच पत्रात पुढे असंही आहे की, नवऱ्याने बायकोसाठी जीव द्यावा. त्याची प्रतिज्ञा ठेवली आहे का कार्यक्रमात? मस्तक व्हायला सगळे तयार होतात, ब्रदर. प्रभू मस्तक होता तेव्हा त्याने काय केलं? कमरेला टॉवेल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले."

"आम्ही तेच सांगतो. सेवा करणारा प्रमुख."

"मग प्रमुख कशाला म्हणता? सेवाच म्हणा."

जावई अस्वस्थ झाला. "पप्पा, तिथे पुरुष रडतात. खरंच रडतात. मी बघितलेलं आहे."

"रडत असतील. खोटं म्हणत नाही मी. पण मैदानात रडायला हजार पुरुषांची सोबत असते. घरी बायकोसमोर रडून दाखवायला कोणाची सोबत?" ते ब्रदरांकडे वळले. "आणि बायकांना का बोलवत नाही तुम्ही? पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे कोण गेलं होतं? बायका. पुरुषांची पहिली सभा तेव्हाच भरली होती. दार लावून. भीतीने."

काकू चहाचे कप उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांना बिस्किट तरी खाऊ द्या."

जाताना ब्रदरांनी विचारले, "काका, तुमची नेमकी अडचण काय आहे?"

साहेबांनी विचार केला. "मी चौतीस वर्षं काटे तपासले. दुकानदाराने आपला काटा आपण तपासून आपणच शिक्का मारलेला कधी मान्य केला नाही. तुमचा पुरुष स्वतःला तोलतो, स्वतःच पास करतो आणि घरी जाऊन सांगतो. ज्यांना त्या काट्यावर रोज माल घ्यायचाय त्यांना विचारलंय का कोणी?"

याच सुमाराला शाळेत मुलीला बढतीची संधी आली. जुन्या मुख्याध्यापिका मेअखेर निवृत्त होणार होत्या. सेवाज्येष्ठतेने पद तिच्याकडे येत होते. होकार किंवा नकार मार्चच्या आत कळवायचा होता. शुक्रवारच्या प्रार्थनेत कोणीतरी जावयाला म्हणाले, बायको बाहेर एवढ्या माणसांची प्रमुख झाली तर घरात तू कसा प्रमुख राहणार? जावयाने घरी आदळआपट केली नाही. तो एवढेच म्हणाला की, मला वाटतं तू नको म्हणावंस. प्रतिज्ञेनंतर तो निर्णय घेणार होता.

शनिवारी मुलगी माहेरी आली. मी भाडे द्यायला खाली गेलो होतो. दार उघडे होते.

"तू नको म्हणणार?" साहेब विचारत होते.

"पप्पा, त्याला सात महिने झाले. एक थेंब नाही. शुक्रवारी तिकडे जातो म्हणून टिकलाय. मी ह्यावरून काही केलं आणि परत सुरू झाली तर?"

"म्हणजे पद सोडायचं."

"मला काय करायचंय ते मी बघेन. तुम्ही मंडळीत उभे राहून ह्या प्रतिज्ञेविरुद्ध बोलू नका. बोलणार नाही म्हणा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"शपथ नाही मागत," ती म्हणाली. "तुमचं ते होय पुरे."

"होय," साहेब म्हणाले.

ते शब्दाचे पक्के होते. पंचांच्या बैठकीत कार्यक्रमाचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. त्यांनी फक्त एक सूचना मांडली. प्रत्येक पुरुषाने लग्नात याच मंडळीसमोर वचन दिले आहे. त्या वचनाची तीन रविवार पुकार झाली होती. आता त्याच घराविषयी नवे वचन द्यायचे तर त्याचीही तीन रविवार पुकार व्हावी आणि घरातल्या कोणाची हरकत असल्यास ती ऐकली जावी. पाळकसाहेबांना यात वावगे दिसले नाही. ब्रदर तर खूश झाले. त्यांच्या लेखी ती तीन रविवारांची फुकट जाहिरात होती. त्यांनीच साहेबांचे आभार मानले.

नावांची यादी साहेबांनी स्वतः केली. पहिले नाव त्यांनी स्वतःचे घातले. मी विचारले, तुम्ही घेणार प्रतिज्ञा? "दुसऱ्याच्या घरात विचारायला जायचं तर आधी आपल्या घराचं दार उघडं ठेवावं लागतं," ते म्हणाले. काकूंना त्यांनी हे सांगितले होते का, हे मी विचारले नाही. सांगितले नव्हते, हे पुढे काकूंकडून कळले.

पहिल्या रविवारी त्यांनी यादी वाचली. "यांच्या पत्नीची किंवा घरातील कोणाची हरकत असल्यास कळवावे." ते थांबले. दोन्ही बाजूंना पाहिले. कोणी हलले नाही.

दुसऱ्या रविवारी बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिचा नवरा बंदरावरून निवृत्त झालेला, यादीत मधे कुठेतरी. ती म्हणाली, "हरकत नाही हो. पण प्रमुख झाल्यावर पहाटे पाणी भरायला कोण उठणार, तेवढं कळू द्या."

मंडळी हसली. नवरा पुरुषांच्या बाजूने म्हणाला, "बस ना गं खाली."

"ही हरकत नाही, चौकशी आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "संबंधितांनी घरी उत्तर द्यावे."

तिसऱ्या रविवारी मी गेलो होतो. बातमी होईल असे वाटले होते. मागच्या बाकावर बसलो. जावई पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. त्याच्या शेजारी ब्रदर. मुलगी पलीकडे काकूंजवळ. कार्यक्रमासाठी पुढची जागा मोकळी केलेली होती.

साहेबांनी यादी वाचली. जावयाचे नाव शेवटचे होते. "हरकत असल्यास" म्हणून ते थांबले. या वेळी नेहमीपेक्षा जास्त थांबले. पुरुषांकडे पाहिले. मग बायकांकडे पाहिले आणि तिथेच पाहत राहिले. मुलगी मान खाली घालून रुमालाची घडी करत होती. ती उठली नाही. साहेबांनी कागदाची घडी घातली.

काकू उठल्या.

"माझी हरकत आहे."

साहेबांनी चष्मा सावरला. "कोणाच्या नावाला?"

"पहिल्या."

पाळकसाहेब पुढे झाले. "बाई, आपण उपासनेनंतर बसून..."

"पाळकसाहेब, नियमाप्रमाणे कारण विचारायचं असतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला नव्हता. कागद धरलेला हात मात्र खाली आला होता. "कारण काय?"

काकूंनी समोरच्या बाकाची पाठ धरली. "ह्या पोरीच्या लग्नाची पुकार तुम्हीच वाचलीत. तिथेच उभे राहून. तीन रविवार सगळ्या मंडळीला विचारलंत, कोणाची हरकत आहे का. घरी मला विचारलं नव्हतं. तिलाही नाही. मुलगा बघून आलात, पसंत केलात आणि येऊन सांगितलंत, झालं आहे म्हणून." त्यांनी पुरुषांच्या तिसऱ्या रांगेकडे पाहिले. "जावयांबद्दल माझं काही नाही. माणूस चांगला आहे. पण विचारलं नव्हतं. मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. तेव्हा उठले नाही. म्हणून आज उठले."

आणि त्या खाली बसल्या.

चर्चजवळच्या आगारात एसटीचे हॉर्न वाजत होते. साहेबांनी घडी घातलेला कागद पुन्हा उघडला, वरच्या ओळीकडे पाहिले आणि म्हणाले, "हरकत खरी आहे. मला मान्य आहे." नंतर पाळकसाहेबांकडे वळून, "यापुढे ही यादी वाचण्याचा अधिकार मला नाही," असे म्हणाले. कागद त्यांच्याकडे दिला आणि आपल्या नेहमीच्या जागी, चौथ्या बाकाच्या कडेला, जाऊन बसले.

ब्रदर उठून हळूच म्हणाले की, एक नाव गाळून कार्यक्रम घेता येईल. पाळकसाहेबांनी बायकांच्या बाजूला पाहिले. तिथे आता कुजबुज सुरू झाली होती. "हरकत ऐकल्याशिवाय काही होणार नाही," ते म्हणाले. "पुढचं गीत घेऊ."

उपासनेनंतर मी सायकली लावायच्या जागेजवळ उभा होतो. जावई आणि मुलगी तिथे आले. त्यांनी मला पाहिले, पण मला तिथून निघायला वाट उरली नव्हती.

"तुला नव्हतं विचारलेलं?" तो म्हणाला. "लग्नाचं?"

"नाही."

"मला वाटलेलं, तू हो म्हणालीयस. मला तर तसंच सांगितलेलं."

"हॉल बुक झालेला तेव्हा. मी काय म्हणणार होते?"

तो सायकलच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. "नको होतो मी?"

"असं नाही रे. विचारलं असतं तर हो म्हणाले असते. बहुतेक."

"बहुतेक," तो म्हणाला आणि हसला. त्याचे नेहमीचे मोठे हसू नव्हते. मग म्हणाला, "बरं, आता मी विचारतो. शाळेचं काय करायचंय तुला?"

"घ्यायचंय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू परत प्यायला लागशील म्हणून."

जावयाने तिच्याकडे पाहिले नाही. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसले, रुमाल परत ठेवला. "ते माझं आहे," तो म्हणाला. "ते तुझ्यावर नाही. मी प्यायलो तर तो मी प्यायलो. तुझ्या शाळेने नाही."

कार्यालयात मी बातमी लिहून दिली. मुख्य उपसंपादकांनी वाचली आणि विचारले, "मारामारी झाली?" नाही म्हटले. "पोलीस?" नाही. त्यांनी ती बाजूला ठेवली.

चळवळीचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात कल्याणच्या एका सभागृहात झाला. ठाण्याच्या यादीतले काही जण तिकडे जाऊन प्रतिज्ञा करून आले. ब्रदर त्यानंतरही साहेबांकडे येत. दोघे शास्त्र उघडून वाद घालत आणि काकू दोघांनाही बिस्किटे देत. जावई शुक्रवारच्या प्रार्थनेला जात राहिला. प्रतिज्ञा त्याने केली नाही. पुढच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात तो एकदा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन साहेबांना सांगून गेला. साहेब म्हणाले, "एकदा. कळलं. जेवून जा."

पंचांनी काकूंची हरकत रीतसर ऐकायला बैठक बोलावली. काकू म्हणाल्या, "मला काही नको आहे. मान्य आहे म्हणाले, झालं." बैठक तेवढ्यात संपली.

घरात मात्र हरकत लगेच संपली नाही. त्या आठवड्यात साहेब काकूंना सगळेच विचारू लागले. मी वरून ऐकत असे. "ओट्यावरचा दिवा लावू का?" "पेपर आधी तू वाचतेस?" "मी आंघोळीला जाऊ?"

"अहो, आंघोळीला जायला काय विचारता!" काकू शेवटी ओरडल्या. "जावा!"

"मग काय काय विचारायचं ते सांग."

"ते तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे."

"मला कळत नाही, म्हणून विचारतोय," साहेब म्हणाले. मग काकूंचा आवाज आला, पूर्वीपेक्षा हळू. "बसा इथे. सांगते."

त्यानंतर साहेबांनी लग्नाची पुकार वाचण्याआधी एक नवी पद्धत सुरू केली. ते मुलीच्या घरी जात, चहा घेत आणि मुलीला म्हणत, "बेटा, जरा स्वयंपाकघरात चल, पाणी दे." तिथे ते तिला एकटीला विचारत. दाराशी काकू उभ्या राहत, म्हणजे कोणी मधे येणार नाही. एक लग्न त्यामुळे मोडले. त्या मुलीच्या बापाने वर्षभर साहेबांना सलाम केला नाही. नंतर केला.

मी घोडबंदर रोडला नव्या इमारतीत राहायला गेलो. दशक संपता संपता साहेब वारले. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांच्याविषयी बोलताना 'अत्यंत' हा शब्द वापरला. तेव्हा काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. पाळकसाहेब थांबले, आणि तो शब्द वगळून वाक्य पुन्हा म्हणाले. शेवटची प्रार्थना जावयाने केली. ती छोटी होती.

त्याआधीची, हरकतीच्या वर्षातली, एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागल्यावर मी बातमीसाठी कल्याणच्या त्या शाळेत फोन केला. शाळा नुकतीच उघडली होती. फोन शिपायाने उचलला. मी म्हटले, मुख्याध्यापिकांना द्या. मुलीचे नाव मी घेतले नव्हते. त्यानेच घेतले. म्हणाला, "मॅडम आत्ता वर्गावर आहेत. नववीचं विज्ञान त्या अजून स्वतःच घेतात. तास संपला की करा."